कार्ल कॉरेन्स आणि गुलबक्षीचें झाड

सायंकाळीं उमलणारी गुलबक्षी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. या साध्या झाडानें आनुवंशिकतेच्या शास्त्रास एक मोठा धडा शिकविला. तो धडा ज्यांनीं वाचला, त्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कार्ल कॉरेन्स यांचा जन्म १८६४ सालीं म्यूनिक शहरीं झाला. विद्यार्थिदशेंतच त्यांचे आईबाप वारले. म्यूनिक येथें शिक्षण झाल्यावर ते ट्यूबिंगेनच्या विद्यापीठांत शिकवूं लागले व तेथें त्यांनीं वाटाणा व मका यांच्या संकराचे प्रयोग केले. त्यांत दिसलेला नियम आपणांसच प्रथम सांपडला, असें त्यांस वाटलें. परंतु जुनें वाङ्मय चाळतां ब्रनो येथील मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनीं तो १८६६ सालींच छापल्याचें आढळलें. मेंडेल १८८४ सालीं निवर्तले होते. श्रेयावर हक्क सांगावयास ते हयात नव्हते. तरी कॉरेन्स यांनीं १९०० सालच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकांतच मेंडेल यांचें नांव घातलें.

संततीस मातापित्यांकडून सारखाच वांटा मिळतो व प्रबल गुण दुर्बल गुणास झांकतो, असें मेंडेल यांस वाटाण्यांत दिसलें होतें. परंतु तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरास गुलाबी फुलें आलीं, आणि पुढील पिढींत तांबडीं, गुलाबी व पांढरीं फुलें १:२:१ या प्रमाणांत निघालीं. येथें वांटे सारखेच होते. कोणताच रंग मात्र दुसऱ्यास पुरता झांकीत नव्हता.

खरा पेंच पानांचा होता. गुलबक्षीच्या एका जातींत एकाच झाडावर हिरव्या, पांढऱ्या व चितकबऱ्या फांद्या असतात. हिरव्या फांदीवरील फुलास कोणताही पराग लावला, तरी रोपें हिरवींच येत. पांढऱ्या फांदीचीं रोपें पांढरीं येत व हरितद्रव्यावांचून लवकरच मरत. चितकबऱ्या फांदीपासून तिन्ही प्रकारचीं रोपें निघत. पराग कोणत्या फांदीचा, यानें कांहींच फरक पडत नसे. १९०९ सालीं कॉरेन्स यांनीं हें प्रसिद्ध केलें. याचें कारण असें, कीं पानांस हिरवा रंग देणारे हरितकण पेशीच्या केंद्रकाबाहेर असतात, आणि गुलबक्षींत ते मातेच्या बीजांडांतूनच पुढील पिढीस मिळतात. या हरितकणांत स्वतःचें डी.एन.ए. असल्याचा पुरावा पुढें १९६२ सालीं मिळाला.

१९१४ पासून कॉरेन्स बर्लिन येथील कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे प्रमुख होते. १९३३ सालीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, ज्या नियमाचें श्रेय कॉरेन्स यांनीं मेंडेल यांस मोकळ्या मनानें दिलें, त्याच नियमाची मर्यादा त्यांनीं तितक्याच निर्भयपणें दाखविली. नियमांत न बसणारें झाड त्यांनीं उपटून टाकलें नाहीं. त्याच्या प्रत्येक फांदीचें बीं निरनिराळें पेरून पाहिलें. प्रयोगवहींत अपेक्षेविरुद्ध आंकडा आला असतां तो खोडण्यापूर्वीं आपण या गुलबक्षीची आठवण ठेवावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.