साहेबमामा फत्तेलाल

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. १९३६ साली आलेला हा बोलपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे दिग्दर्शक दोघे : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. हे दुसरे नाव सांगितले की वर्गातली मुले चमकून वर पाहतात.

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली कोल्हापूरजवळच्या कागलचा. सारे त्यांना साहेबमामा म्हणत. चित्रकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली ते शिकले. दामल्यांशी जन्माची जोडी जमली ती तेथेच. (चित्रकलेचा तास म्हणजे फुकट गेलेला तास, असे मानणाऱ्या पालकांनी ही ओळ पुन्हा वाचावी.)

बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात झळकला. मूकपटात पात्रांना वाचा नाही. मग वाडा, अंगण, पोशाख यांनीच बोलायचे. साहेबमामांची नजर या कामात तयार झाली. १९२८ साली या जोडीने ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात काढली. तिचा पहिला मूकपट होता ‘गोपाळकृष्ण’.

१९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस भरले. मग प्रभातने जुन्या कथा नव्याने बोलत्या केल्या. ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ १९३३ साली पुन्हा आले. ‘सैरंध्री’ तर रंगीत करण्याचे धाडस होते. जर्मनीत प्रक्रिया करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत.

‘गोपाळकृष्ण’ची पाळी १९३८ साली आली. मूकपट शांतारामांनी दिग्दर्शित केला होता. बोलपट दामले-फत्तेलाल यांनी केला. आता राम मराठे यांचा कृष्ण आणि शांता आपटे यांची राधा गाऊ लागली. माझ्या मते, आवाज आला म्हणून साहेबमामांचे चित्र मुके झाले नाही, हेच त्यांचे खरे यश. पुष्कळांचे बोलपट नुसते बोलतच राहिले!

दामले १९४५ साली गेले. १९५३ पर्यंत प्रभातही मिटली. १९५५ साली साहेबमामांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ दिग्दर्शित केला. १९६४ साली ते वारले. त्याआधी चार वर्षे, पुण्यात प्रभातच्याच आवारात, सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आजही तेथे मुले शिकतात.