रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (२६ सप्टेंबर १८०४ – १० एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या विस्तृत प्रतिकृती करणारे पहिले चित्रकार म्हणून ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी

१८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ यांच्या नजरेस अजिंठा लेणी पडली. त्यानंतर तेथे येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली. दमट हवा, वटवाघळे आणि चित्रांचे तुकडे काढून नेणारे हौशी प्रवासी यांमुळे भित्तिचित्रांची हानी होत होती. वास्तुशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी चित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचा आग्रह धरला. १८४४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी या कामासाठी गिल यांची नेमणूक केली.

अजिंठ्यातील कार्य

हा प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात होता. गिल यांचा मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत असे. अंधाऱ्या गुंफांमध्ये उभे राहून त्यांनी मोठ्या आकाराच्या कापडांवर तैलरंगांत चित्रे उतरवली. ती टप्प्याटप्प्याने लंडनला पाठवली जात. पुढे त्यांनी छायाचित्रणाचाही अवलंब केला. अजिंठा, वेरूळ आदी स्थळांची त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

आग आणि नंतरचा काळ

लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये गिल यांची चित्रे प्रदर्शित होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला लागलेल्या आगीत त्यांतील जवळजवळ सर्व चित्रे जळाली. प्रदर्शनात नसलेली मोजकी चित्रे वाचली. ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नष्ट झालेल्या काही चित्रांची कल्पना १८५६ मध्ये मिसेस स्पीर यांच्या ग्रंथात छापलेल्या लहान कोरीव चित्रांवरून येते.

या आघातानंतरही गिल यांनी अजिंठा सोडले नाही. १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृतींचे काम नव्याने हाती घेतले. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या. मूळ चित्रांचा बराच भाग त्यानंतर अधिक जीर्ण झाल्यामुळे गिल यांची उरलेली चित्रे व छायाचित्रे अभ्यासकांना मोलाची ठरतात.

आजारपणात उपचारांसाठी भुसावळला नेत असताना गिल यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

पारो आणि लोकस्मृती

अजिंठा परिसरातील पारो या स्त्रीशी गिल यांचे प्रेमसंबंध होते. अजिंठा गावात तिची कबर असून तिच्यावरील लेखात २३ मे १८५६ हा मृत्युदिन नोंदलेला आहे. त्यापलीकडे तिच्याविषयीची बहुतेक माहिती दंतकथांतून आलेली आहे. ना. धों. महानोर यांनी या विषयावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित, नितीन चंद्रकांत देसाई दिग्दर्शित मराठी चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला.

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठा लेण्यांची सहल सहसा एका दिवसात केली जाते. लेण्यांकडे जाणारा रस्ता अजिंठा गावावरून जातो. लेण्यांतील मार्गदर्शक पर्यटकांना प्रामुख्याने पारोची प्रेमकथा सांगतात. गिल यांच्या अनेक वर्षांच्या चित्रकार्याची ओळख मात्र त्या मानाने कमी लोकांना असते.