फादर थॉमस स्टीफन्स : मराठी ख्रिस्तपुराणाचे कर्ते

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं, ज्यांच्या कष्टांमुळें श्रद्धेचें दान आमच्यापर्यंत पोंचलें त्या धर्मगुरूंचें स्मरण करणें हें आमचें कर्तव्य आहे. त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस विशेष प्रिय असावें.

सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत त्यांचा जन्म झाला. त्या काळीं त्या देशांत कॅथॉलिकांस उघडपणें धर्माचरण करण्याची मोकळीक नव्हती. तरुण स्टीफन्स स्वदेश सोडून रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज ऑक्टोबरांत गोव्यास लागलें. तेथून १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, चाळीस वर्षें, गोमंतक व मुख्यतः साष्टी हीच त्यांची कर्मभूमि झाली.

त्या वेळच्या साष्टीची स्थिति आम्हीं लपवूं नये. १५६७ सालीं पोर्तुगीज अंमलदारांनीं तेथील देवळें पाडलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. पुढें बोलणीं करण्यास बोलाविलेल्या गांवच्या पुढाऱ्यांस पोर्तुगीजांनीं ठार केलें. फादर स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयानें राहत होते, हेंही खरें. परंतु सत्तेच्या बळानें देऊळ पडतें, अंतःकरण उघडत नाहीं. अंतःकरणाची वाट भाषेंतून जाते, आणि ती वाट त्यांनीं धरली.

त्यांनीं लोकांची बोली शिकून तिचें व्याकरण रचलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें गेलें. मराठी संतांच्या ग्रंथांची धाटणीही त्यांनीं आत्मसात केली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं ते एक प्रसंग सांगतात. जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां मिळूं नये, असें एका नवख्रिस्त्यानें त्यांस विचारलें. हा प्रश्न त्यांनीं उद्धटपणाचा मानला नाहीं. तो न्याय्य आहे असें जाणून त्यास उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ दिला. पहिल्या पुराणांत जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही त्यांस संकोच वाटला नाहीं. १६१६ सालीं तो रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. तरीही ग्रंथ मेला नाहीं. १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला गेला व १९५६ सालीं देवनागरी लिपींत पुणें येथें प्रसिद्ध झाला.

वाचकहो, आमच्या घराशेजारीं अन्य धर्माचे बंधु राहतात. त्यांची भाषा, त्यांचे ग्रंथ व त्यांचें दुःख समजून घेतल्यावांचून आमची साक्ष त्यांच्या कानांपलीकडे जाणार नाहीं. परक्या देशांतून आलेल्या एका धर्मगुरूनें जें चाळीस वर्षें केलें, तें ह्याच मातींत जन्मलेल्या आम्हांस कां साधूं नये? प्रभु आम्हांस तशी नम्रता देवो.