भंगारात जाणाऱ्या वस्तूंतून संग्रहालय कसे उभे राहिले? काका केळकरांचे आयुष्य जुन्या वस्तूंच्या फोटोंबद्दल काय शिकवते?

मिरा-भाईंदरमध्ये जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरून समई, अडकित्ता, पानाचा डबा खाली येतो. नव्या फ्लॅटमध्ये जागा नसते, म्हणून पितळ किलोच्या भावाने विकले जाते. त्याआधी काही जण या वस्तू खिडकीत मांडून मोबाइलवर फोटो काढतात. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेत ज्याला स्थिरचित्र म्हणतात, त्याचेच हे कॅमेऱ्यातले रूप. पण हा फोटो नातवंडांना काही सांगेल का? याचे उत्तर पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होते काका केळकर?

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळी संग्रहालय म्हटले की मूर्ती, नाणी आणि शस्त्रे डोळ्यांसमोर येत. केळकरांचे लक्ष मात्र स्वयंपाकघर, देवघर आणि माजघराकडे गेले. दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि पाय घासायच्या पितळी वज्र्याही त्यांनी जमवल्या. पत्नी कमलाबाईंनी या कामात त्यांना साथ दिली.

संग्रहालयाला ‘राजा’ हे नाव का?

केळकर दाम्पत्याचा एकुलता एक मुलगा राजा लहान वयातच गेला. त्याच्या स्मृतीसाठी संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले. १९६० पर्यंत सुमारे १५ हजार वस्तू जमल्या होत्या. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले. १९७५ मध्ये केळकरांनी आयुष्यभराचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महालही त्यांनी इथे पुन्हा उभारला. १९९० मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या दिसतात.

या वस्तूंमध्ये एवढे काय आहे?

अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. ते साध्या लोखंडी पात्यानेही होते. तरीही कारागिरांनी त्याला पोपटाचा, घोड्याचा आकार दिला. वज्रीवर पक्षी आणि प्राणी बसवले. बहुतेक वस्तूंवर कारागिराचे नाव नाही. त्या वितळल्या असत्या, तर त्यांच्या हातचे काम कुणालाच दिसले नसते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली साधी माणसे कशी जगत होती, हे या संग्रहातून कळते ते याच कारणाने.

मोबाइलवर फोटो काढताना काय लक्षात ठेवावे?

● फ्लॅश बंद ठेवा. वस्तू खिडकीजवळ अशी ठेवा, की उजेड एका बाजूने पडेल. कोरीवकाम आणि ठोक्यांच्या खुणा त्यात उठून दिसतात.

● पितळ घासून लखलखीत करू नका. चकाकीत खोलीचे आणि तुमचेच प्रतिबिंब उमटते. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराची झाकही जाते.

● मागे घोंगडी किंवा साधे सुती कापड लावा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा, म्हणजे तो हलणार नाही.

● एकत्र वापरायच्या वस्तू एकत्र मांडा. अडकित्त्याशेजारी पानाचा डबा शोभतो, समई नाही.

● फोटोसोबत वस्तूचे नाव, ती कुणाची होती आणि कशासाठी वापरत, हे लिहून ठेवा. ही माहिती घरातल्या आजीलाच असते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिला विचारा.

हे नसेल, तर तीस वर्षांनी तोच फोटो म्हणजे एका अनोळखी पितळी वस्तूचे चित्र ठरेल. ज्यांना हा ठेवा प्रत्यक्ष पाहायचा आहे, त्यांच्यासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत आहे.