बाल शिवरायांचे बंगळूर

सणासुदीच्या खरेदीसाठी चिकपेटेच्या गर्दीतून वाट काढताना आपल्यापैकी किती जणांस स्मरण होते, की सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी दहा वर्षांचा एक मराठी मुलगा आईचे बोट धरून याच गावी वडिलांच्या घरी राहावयास आला होता? त्याचा मुक्काम उणापुरा दोन वर्षांचा. शिवचरित्रे बहुधा या काळावरून चार ओळींत पुढे सरकतात. आम्हां बंगळूरकरांस मात्र तेथे क्षणभर थांबावेसे वाटते.

निजामशाही सावरण्याची शर्थ करूनही १६३६ साली माहुलीच्या गडावर शहाजीराजांचा उपाय खुंटला आणि त्यांस विजापूरची चाकरी पत्करावी लागली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत केंपेगौडांनी बंगळूर सोडून मागडीचा आश्रय घेतला व हा मुलूख शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आला. येथे त्यांनी थाटलेला दरबार नावापुरता जहागीरदाराचा. त्याचा डौल राजाचा होता. जयराम पिंड्ये या कवीने आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’त या दरबाराचे साग्र वर्णन केले आहे. निरनिराळ्या भाषांतील कवी तेथे येत, समस्यापूर्तीच्या चढाओढी रंगत आणि गुणीजनांचा सन्मान होई. चिकपेटेच्या परिसरातील गौरी महाल हे राजांचे निवासस्थान, असे परंपरा सांगते.

याउलट पुण्याची अवस्था काय होती? १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने ते गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला होता. त्यामागोमाग आलेल्या दुष्काळाने उरलेसुरले प्राणही हिरावून नेले. दादोजी कोंडदेवांनी रयतेस धीर देऊन वसाहत पुन्हा उभी करण्यास आरंभ केला होता, परंतु विसकटलेली घडी बसावयास अवधी लागतोच. अशा मुलखातून बाल शिवराय १६४० च्या सुमारास जिजाऊसाहेबांसह बंगळुरास आले. हत्ती, घोडे, पंडित, कवी, कारभारी आणि न्यायनिवाड्यासाठी तिष्ठणारे लोक यांनी गजबजलेला वाडा त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

वैभवाच्या दर्शनाचे परिणाम दोन प्रकारचे होतात. ते नित्याचे झाले म्हणजे मनुष्य त्यात सुखावतो आणि त्याचे भय धरू लागतो. जे हाती आहे ते न गमावणे एवढीच त्याची आकांक्षा उरते. परंतु तेच वैभव काही काळ लाभून नजरेआड झाले, तर मनात एक माप ठेवून जाते. पुढे जे जे करावयाचे, ते त्या मापाने मोजले जाते. शिवरायांच्या वाट्यास हा दुसरा प्रकार आला. थोरले बंधू संभाजीराजे वडिलांपाशी राहिले, पराक्रमी निघाले आणि पुढे कनकगिरीच्या वेढ्यात कामी आले. धाकटे एकोजीराजेही दक्षिणेतच वाढले. शिवराय तेवढे बाराव्या वर्षी पुण्यास परतले. निघताना शहाजीराजांनी हत्ती, घोडे, पायदळ, अमात्य, अध्यापक, ध्वज आणि द्रव्य सोबत दिल्याचे परमानंद कवी ‘शिवभारता’त सांगतो. बंगळुराचा संपूर्ण थाट काही त्यांच्यासंगे गेला नाही. गेले ते त्याचे बीज. पेरावयाची भूमी मात्र मावळची, खडकाळ आणि कष्टाची होती.

ते बीज लवकरच अंकुरले. १६४६ च्या पत्रावर उमटलेली शिवरायांची मुद्रा संस्कृतात आहे. फारसीच्या त्या जमान्यात सोळा वर्षांच्या मुलाने आपले राज्य विश्ववंद्य होईल असा आशय मुद्रेत कोरवावा, याचे मूळ शोधू गेल्यास बंगळूरच्या पंडितसभेकडे दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६४८ मध्ये, जिंजीच्या वेढ्यात शहाजीराजांस विजापूरच्या सेनापतीने कैद केले. पुढील वर्षी सुटका झाली, पण तिच्यासाठी शिवरायांस कोंडाणा सोडावा लागला. बालपणी दिपविणारे ते ऐश्वर्य बादशहाच्या एका आज्ञेने बेडीत पडू शकते, हे त्यांस उमगले. दुसऱ्याच्या मर्जीवरचा थाट कितीही मोठा असला, तरी तो आपला नव्हे.

म्हणूनच १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारातील डोळे दिपविणाऱ्या झगमगाटाने ते दबले नाहीत. कमी दर्जाच्या रांगेत उभे केल्याचा संताप त्यांनी भर दरबारात प्रकट केला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. बत्तीस मणांचे सुवर्णसिंहासन घडविल्याचे सभासद सांगतो. ते सिंहासन निव्वळ हौसेपोटी घडविलेले नव्हते. राजेपणाची खूण जगास दिसली पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती.

१६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत शिवराय एकोजीराजांस भेटले. वडिलार्जित दौलतीवरून बंधूंत कलह झाला, रणही झाले. अखेरीस ज्या तहाने तो मिटला, त्यात बंगळूरचा मुलूख एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिल्याचे बखरी नमूद करतात. बालपणी ज्या वैभवाने मन भारले, ते त्यांनी आपल्या भावजयीच्या ओटीत घातले! त्यांस आता त्याची गरज उरली नव्हती. शिवरायांचे निर्वाण १६८० चे. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लक्षांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजांस देऊन टाकले.

घरदार सोडून आलेल्या आपल्या पिढ्यांनी या नगरीत भाड्याच्या खोलीपासून संसार मांडले. क्वचित एखादा थाटाचा समारंभ, एखादी मोठी मैफल वा एखादे भव्य घर मुलांस दाखविले, की मुले बिघडतील अशी धास्ती आपणांस वाटते. शिवचरित्र पाहता ती धास्ती अनाठायी वाटते. वैभव दाखवावे, परंतु त्यात रुजू देऊ नये. परतताना हाती ध्वज आणि पुढ्यात काम द्यावे. शहाजीराजांनी केले ते हेच.

मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरास एकोजीराजांनी दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढील खेपेस दर्शनास जाल, तेव्हा मुलांस तो अवश्य दाखवा आणि या गावी येऊन गेलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलाची गोष्टही तेथेच सांगा.