परतीची वाट आखणारे ॲलन ट्यूरिंग
(बी. कॉम. भाग २)

मे महिन्याच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला सिटी सेंटरमध्ये मामांकडे गेलो होतो. तेथील एका दुकानात बिल करताना कारकुनाचा आकडा चुकला. संगणक बंद पडला नाही. चूक दाखवून तो थेट पहिल्या पडद्यावर परतला, आधीची बिले सुरक्षित राहिली. ही परतीची वाट कोणी आखली, हे शोधताना ॲलन ट्यूरिंग यांचे चरित्र हाती आले.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. नोकरीमुळे आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्या घरी, असे त्यांचे बालपण गेले. १९३६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एका काल्पनिक यंत्राच्या साहाय्याने गणनेच्या मर्यादा सिद्ध केल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची ‘एनिग्मा’ ही गुप्त लिपी फोडण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९४५ च्या अखेरीस त्यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एका संगणकाचा आराखडा लिहिला. मुख्य काम अर्धवट ठेवून यंत्र पोटकामाकडे वळले, तर परत कोठे यायचे? परतीच्या जागेची नोंद पुरून ठेवावी व पोटकाम संपताच उकरून काढावी, अशी युक्ती त्यांनी मांडली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे चटकन पटेल. खतावणी लिहिताना व्हाउचर शोधायला उठलो, तर पानात खूण घालतो. व्हाउचरसाठी आणखी एक फाईल उघडावी लागली, तर तेथे दुसरी खूण. शेवटी घातलेली खूण आधी निघते.

पुढे संगणकाच्या भाषांनी यात भर घातली. खोलवरच्या पोटकामात चूक झाली, तर मधल्या साऱ्या खुणा एकदम काढून, ती चूक निस्तरू शकेल अशा वरच्या कामाकडे परतायचे. यालाच अपवाद हाताळणे म्हणतात. त्या दुकानात घडले ते हेच.

ट्यूरिंग यांच्या वाट्याला मात्र अशी वाट आली नाही. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. ७ जून १९५४ रोजी, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, सायनाइडने त्यांचा अंत झाला. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर क्षमा मागितली. २०१३ मध्ये राजमाफी मिळाली. वास्तविक चूक त्यांची नव्हती, कायद्याची होती. ती कबूल करायला सरकारला सत्तावन्न वर्षे लागली, आणि तोवर ऐकायला ट्यूरिंग उरले नव्हते.