लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (जन्म : कॅलिफोर्निया, १० ऑगस्ट १९०९, मृत्यू : फुलर्टन, कॅलिफोर्निया, २१ मार्च १९९१) हे विद्युत तंतुवाद्यांचे अमेरिकन निर्माते व कारखानदार होते. मोठ्या प्रमाणावर तयार होऊन जगभर विकली गेलेली पहिली विद्युत बेस गिटार त्यांच्या कारखान्यात १९५१ साली तयार झाली. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींमुळे त्यांचे नाव अधिक लोकांना ठाऊक आहे. तथापि वाद्यवृंदाची रचनाच बदलण्याचे काम त्यांच्या बेस गिटारीने केले, असे म्हणावयास हरकत नाही. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावणेही ते कधी शिकले नाहीत.

बालपण व शिक्षण

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या सीमेवर त्यांच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे त्यांचा एक डोळा काढावा लागला व पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवणाऱ्या एका नातेवाइकांनी त्यांना जुन्या सुट्या भागांची एक पेटी पाठवली. तेव्हापासून रेडिओ उघडणे, जोडणे व दुरुस्त करणे हा त्या मुलाचा छंद झाला. शाळेत ते पियानो व सॅक्सोफोन थोडेफार वाजवीत. १९२८ साली शालेय शिक्षण संपवून ते फुलर्टनच्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी विषय निवडला तो हिशेबशास्त्राचा. विजेच्या उपकरणांचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही.

प्रथम बर्फाच्या कारखान्यात, नंतर राज्याच्या महामार्ग खात्यात त्यांनी हिशेबनीस म्हणून काम केले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महामंदीच्या काळात नोकऱ्या टिकत नव्हत्या. अखेर १९३८ साली ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले.

दुकानातून कारखान्याकडे

दुकानात रेडिओबरोबर ध्वनिमुद्रिका, ध्वनिवर्धक व वादकांची बिघडलेली उपकरणेही येऊ लागली. सभा-समारंभांसाठी फेंडर स्वतः बनवलेली ध्वनिवर्धक यंत्रणा भाड्याने देत. वादक मंडळी जे सांगत ते शांतपणे ऐकून घ्यावे, वाद्य त्यांच्या हाती द्यावे, कार्यक्रमानंतर तक्रारी विचाराव्यात आणि रात्री पुन्हा कामाला बसावे, ही त्यांची पद्धत या काळात पडली व ती अखेरपर्यंत टिकली. स्वतः वादक नसल्याचा त्यांना येथे उपयोगच झाला, असे दिसते. वाद्य कसे असावे याविषयी त्यांचा स्वतःचा पूर्वग्रह नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॉक कॉफमन या वाद्यनिर्मात्याबरोबर त्यांनी भागीदारी केली. मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन स्टील गिटारी व त्यांचे ॲम्प्लिफायर ते तयार करीत. धंदा वाढवण्यासाठी कर्ज काढण्याचा धोका कॉफमन यांना नको होता, म्हणून १९४६ साली ते बाहेर पडले. त्यानंतर फेंडर यांनी स्वतःच्या नावाची कंपनी चालवली. १९४८ साली जॉर्ज फुलर्टन हे तिच्यात आले (आडनाव व गाव यांचा हा योगायोगच होय) व ते फेंडर यांचे जन्मभराचे सहकारी ठरले. विक्रीची बाजू डॉन रँडल यांनी सांभाळली. वाद्यांची बहुतेक प्रसिद्ध नावेही रँडल यांनीच दिली.

१९५० साली कंपनीने भरीव लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली. तिला प्रथम दिलेले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. तिची दांडी खोडाला चार स्क्रूंनी जोडलेली होती. पारंपरिक कारागिरांना ही जोडणी ओबडधोबड वाटली. परंतु दांडी खराब झाल्यास काही मिनिटांत बदलता येत असे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची दृष्टी या रचनेत स्पष्ट दिसते.

प्रिसिजन बेस

त्या काळी वाद्यवृंदातील खर्जाचे काम डबल बेस हे माणसाहूनही उंच वाद्य करीत असे. ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे, पाऊस-उन्हात त्याचे लाकूड तडकत असे, आणि विद्युत गिटार व ढोल यांच्या गजरात त्याचा आवाज लोपून जात असे. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसतात. सरोदवादकाप्रमाणे स्वराची नेमकी जागा बोटानेच शोधावी लागते. लहान वाद्यवृंदांतील गिटारवादकांवर कधी बेस वाजवण्याची पाळी आली, तर त्यांची मोठी अडचण होई.

फेंडर यांनी या अडचणींवर एकच उपाय काढला. भरीव खोड, गिटारीप्रमाणे आडवे धरण्याची सोय, सतारीसारखे स्वराची जागा निश्चित करणारे पडदे, आणि चार जाड तारा. या तारा गिटारीच्या खालच्या चार तारांच्या एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी किती ठेवावी हा खरा प्रश्न होता. फार लांब ठेवल्यास बोटे पुरत नाहीत. आखूड ठेवल्यास खर्जाची तार सैल पडून स्वर फुटतो. अनेक प्रयोगांनंतर त्यांनी ३४ इंच (सुमारे ८६ सें.मी.) हे माप ठरवले. आजही जगातील बहुसंख्य बेस गिटारी याच मापाच्या असतात. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून वाद्याचे नाव 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता असे ठेवण्यात आले. १९५१ च्या अखेरीस ते विक्रीस आले तेव्हा किंमत १९९.५० डॉलर होती. पुढील वर्षी त्याच्यासाठी 'बेसमन' हा खास ॲम्प्लिफायर आला.

फेंडर यांना बेस गिटारीचे 'जनक' म्हणण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडदे असलेली, आडवी धरावयाची विद्युत बेस गिटार बनवून विकली होती. मात्र ती फारशी पसरली नाही व विस्मरणात गेली. फेंडर यांना तिची माहिती होती, असे म्हणण्यास आधार नाही.

नव्या वाद्याकडे प्रारंभी वादकांनी संशयाने पाहिले. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदातील मंक माँटगोमेरी यांनी ते देशभर फिरवले, त्यामुळे त्याची ओळख झाली. १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन भाग करून ते थोडे मागेपुढे बसवण्यात आले. या जोडणीमुळे विजेची नकोशी गुणगुण नाहीशी होते. १९६० मध्ये बारीक दांडीची व दोन पिकअपची 'जॅझ बेस' आली. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी एका बोटाने वाजवलेली बेस याच कारखान्यातील प्रिसिजन होती. तारा तुटल्याशिवाय ते बदलीत नसत.

विक्री

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडर यांना नाकाच्या पोकळीतील जंतुसंसर्गाचा त्रास होता. अनेक वर्षे उपचार होऊनही तो हटेना. आपण फार काळ जगणार नाही, अशी त्यांची समजूत झाली. सहकाऱ्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था लावून मोकळे व्हावे, या हेतूने त्यांनी कंपनी प्रथम डॉन रँडल यांनाच १५ लाख डॉलरना देऊ केली. रँडल यांनी स्वतः ती न घेता गिऱ्हाईक शोधले. बीटल्सच्या अमेरिकेतील आगमनानंतर गिटारींची मागणी कारखान्याला झेपेनाशी झाली होती. अशा वेळी, जानेवारी १९६५ मध्ये, सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन ती विकत घेतली. याच सीबीएसने काही महिन्यांपूर्वी न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघातील बहुतांश हिस्सा याहून कमी रकमेत घेतला होता.

विक्रीनंतर थोड्याच काळात दुसऱ्या एका डॉक्टरांनी वेगळे औषध अधिक मात्रेत दिले आणि फेंडर पूर्ण बरे झाले. त्यानंतर ते सव्वीस वर्षे जगले. कंपनी मात्र परत मिळणार नव्हती, आणि तिच्याबरोबर नावही गेले होते. वाद्याच्या माथ्यावर 'फेंडर' ही अक्षरे उमटवण्याचा हक्क आता सीबीएसचा होता. स्पर्धेत न उतरण्याच्या दहा वर्षांच्या कराराने त्यांचे हात बांधले गेले. सल्लागार म्हणून ते १९७० पर्यंत राहिले, परंतु नव्या व्यवस्थापनाने त्यांचा सल्ला क्वचितच मानला. सीबीएसच्या काळात उत्पादन वाढले व कामाचा दर्जा उतरला, असे मत वादकांत रूढ झाले. ते सर्वच वाद्यांना लागू करणे अन्यायाचे आहे. तरी बाजाराने ते स्वीकारले, हे खरे.

उत्तरायुष्य

जुन्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी काढलेल्या कंपनीत ते कराराच्या बंधनामुळे सुरुवातीस पडद्याआड राहून सामील झाले. 'म्युझिक मॅन' या नावाने ही कंपनी पुढे आली व १९७५ मध्ये ते उघडपणे तिचे अध्यक्ष झाले. १९७६ ची 'स्टिंगरे' ही बेस गिटार त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वाद्य होय. तिच्या खोडातच बॅटरीवर चालणारे स्वरनियंत्रक मंडल बसवलेले होते. कारखाना व विक्री संस्था यांच्यातील वादामुळे हा संबंधही तुटला. १९७९ साली पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन व डेल हायट यांच्यासह त्यांनी 'जी अँड एल' ही कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ यांची आद्याक्षरे तिच्या नावात होती. आडनाव वापरता येत नव्हते, तेव्हा एवढेच शक्य होते. १९८० मध्ये फिलिस यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

कंपवाताने हात थरथरू लागल्यावरही ते रोज कारखान्यात जात. मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते कामावर होते. १९९२ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांच्या नावाचा समावेश झाला. मूळ कंपनी सीबीएसने १९८५ मध्येच बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील कर्मचारी व गुंतवणूकदारांच्या गटास १ कोटी २५ लाख डॉलरना विकली होती. वीस वर्षांपूर्वी दिलेल्या किमतीहून ही रक्कम कमी होती.

संग्राहक व जुना बाजार

१९६५ च्या विक्रीमुळे फेंडर वाद्यांचे 'सीबीएसपूर्व' व 'सीबीएसोत्तर' असे दोन वर्ग पडले. पहिल्या वर्गातील बेस गिटारी आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. जोडणी स्क्रूंची असल्याने एका वर्षाची दांडी दुसऱ्या वर्षाच्या खोडाला सहज बसते, आणि येथेच फसवणुकीस वाव मिळतो. त्यामुळे जाणकार ग्राहक केवळ जोडपट्टीवरील अनुक्रमांकावर विसंबत नाही. दांडी काढून तिच्या टोकाशी लिहिलेली तारीख तो पाहतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालील भागावर उत्पादक, वर्ष व आठवडा यांचे सांकेतिक अंक छापलेले असतात, तेही तपासतो. मूळ रंग काढून नवा दिलेला असेल, तर वाद्य कितीही सुरेल असो, त्याची किंमत बरीच उतरते. वाजवणारा आणि जमवणारा यांचे मोजमाप येथे वेगळे होते.

काही वाद्यांची चरित्रे त्यांच्या मालकांइतकीच प्रसिद्ध आहेत. जेमर्सन यांची प्रिसिजन १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूपूर्वी काही दिवस चोरीस गेली व ती सापडली नाही. जॅको पास्टोरियस यांनी पडदे काढून टाकलेली १९६२ ची जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेली. सुमारे दोन दशकांनंतर ती त्याच शहरातील एका व्यापाऱ्याकडे आढळली. मेटालिकाचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यांनी पैसे भरल्याने ती पास्टोरियस कुटुंबाच्या ताब्यात आली.

मुंबईत

मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत खर्जाची बाजू दीर्घकाळ डबल बेसकडे होती व ती वाजवणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा भरणा होता. पुढे बेस गिटारीने तिची जागा घेतली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे या वाद्याचे नामांकित वादक होत. आयात परवान्यांच्या काळात परदेशी वाद्य मिळवणे जिकिरीचे असे. धोबी तलाव येथील १८६५ पासूनचे फुर्टाडोज हे दुकान पाश्चात्त्य वाद्यांसाठी प्रसिद्ध होते. परंतु अनेकांची मदार परदेश दौऱ्यावर जाणाऱ्या सहकाऱ्यावर वा बोटीवर नोकरी करणाऱ्या नातेवाइकावर असे. १९९१ नंतर हे चित्र पालटले. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपर-मुलुंडकडील होतकरू वादकांच्या हाती आज प्रायः दिसते ती 'स्क्वायर' ही फेंडर कंपनीचीच आशियात तयार होणारी स्वस्त मालिका. गणेशोत्सवातील वाद्यवृंदांतही हीच वाद्ये एकाकडून दुसऱ्याकडे जुन्या भावाने जात असतात. त्यांच्या माथ्यावर 'फेंडर' हे नाव लहान अक्षरांत असते. तारेची लांबी बहुधा ३४ इंचच असते.